कानामागची टिकली

"घाबरण्यासारखं काही नाही" हे वाक्य ऐकून आजवर एकही माणूस निर्धास्त झालेला नाही. आपल्याकडे ते वाक्य त्यासाठी नसतंच मुळी. ते कानावर पडलं की माणूस हातातलं काम टाकतो, गॅस बंद करतो आणि चपला शोधायला लागतो. वाईट बातमी सरळ तोंडावर सांगणं आपल्या लोकांना जमत नाही. आधी विचारतात, जेवण झालं का. बातमी कळल्यावर घास उतरणार नाही, तेव्हा चार घास आधीच पोटात गेलेले बरे. मग विचारतात, जवळ कोण आहे. मग सांगतात, जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा. एवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळं कळतं आणि सांगणाऱ्याला काही उच्चारावं लागत नाही.

अक्षता आवटी ही भाषा नोकरी म्हणून बोलत असे. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती संवाद कक्षात होती. आत दाखल असलेल्या रुग्णाची खबर बाहेरच्या नातेवाइकांना फोनवर द्यायची, हे तिचं काम. एरवी ते काम सोपं असायचं. ऑपरेशन नीट झालं, उद्या घरी सोडतील, येताना डबा आणा, एवढंच.

मग धापेचा ताप आला. कोविड होऊन गेल्याला पंधराएक वर्षं झाली होती. तेव्हा घरात बसून मोबाइलवर शाळा केलेली मुलं आता संसाराला लागली होती, आणि "असलं काही जन्मात एकदाच होतं" असं म्हणायला लोक मोकळे झाले होते. नव्या विषाणूचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याच्या स्वभावावरून नाव ठेवलं. दोन-तीन दिवस ताप यायचा, मग उतरायचा. घरचे सुटकेचा निश्वास टाकायचे, रुग्ण उठून चहा मागायचा, आणि त्याच सुमारास त्याला धाप लागायची. वेळेवर ऑक्सिजन मिळाला तर बहुतेक जण वाचत. उशीर झाला तर फार थोडे.

नातेवाइकांना वॉर्डात सोडत नसत. फक्त शेवटची वेळ जवळ आली की घरच्या एका माणसाला काचेच्या खोलीतून आपलं माणूस बघता यायचं. त्या माणसाला वेळेत बोलावणं आता अक्षतावर होतं.

पहिल्या महिन्यातच ती खचली. फोन लावायच्या आधी तिला उलटी व्हायची. घरी स्वतःचा फोन वाजला तरी काळजात धस्स व्हायचं. तिचा नवरा गिरीश चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याला यायला थोडा उशीर झाला की ती त्याला अॅम्ब्युलन्समध्ये, मग आयसीयूत, मग काचेपलीकडे बघून मोकळी व्हायची. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. रुग्णालयाच्या जिन्यात सल्ल्यांची पाटी लावली होती: बातम्या कमी पाहा, छंद जोपासा, दीर्घ श्वास घ्या. शेजारच्या वॉर्डात माणसं श्वासासाठी तडफडत असताना ही पाटी कुणी लावली असेल, याचा अक्षता रोज विचार करायची आणि तिला आणखीनच गुदमरल्यासारखं व्हायचं.

"तुम्ही अशा किती दिवस टिकाल?" डॉक्टर शाहीन मुजावर एकदा म्हणाल्या. त्या तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या तळहातावर कातडीच्या रंगाची एक चकती होती, कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढी. "ही लावून बघा. कानामागे."

चकतीचं अधिकृत नाव 'शमक' होतं. लोक तिला टिकलीच म्हणायला लागले.

तिच्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. मेंदूतून व्हेगस नावाची एक लांब नस निघते आणि गळ्यातून काळीज, फुप्फुसं, आतडी असं करत पोटापर्यंत जाते. आपल्याला वाटतं, मेंदू हुकूम सोडतो आणि शरीर ऐकतं. या नसेत मात्र वाहतूक मुख्यतः उलटी असते: खालून वर. काळीज धडधडलं, श्वास आखडला, आतड्यांना पीळ पडला की ती खबर या नसेतून मेंदूकडे जाते, आणि ती पोचल्यावर मेंदू तिला भीती म्हणतो. पोटात गोळा येतो म्हणतात, तो खरोखर पोटातूनच निघालेला असतो. या नसेची एक बारीक फांदी कानाच्या कातडीखाली येते. टिकली तिथं बसून नाडी आणि घाम मोजायची, काही दिवसांत त्या माणसाचं घाबरणं कसं सुरू होतं ते शिकायची, आणि ते सुरू व्हायच्या बेतात असलं की विजेचे अगदी क्षीण ठोके देऊन नसेतली खबर वाटेतच विझवायची. मेंदूला वाटायचं, खाली सगळं क्षेमकुशल आहे. गुंगी नाही, झिंग नाही, विसराळूपणा नाही. डोकं लख्ख चालायचं, फक्त भीती यायची नाही.

अक्षता त्या रात्री कित्येक दिवसांनी सलग झोपली. आठवड्याभरात तिचा आवाज बदलला. स्थिर झाला, मऊ झाला. नातेवाईक म्हणायचे, ताई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं तिला झालं होतं, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ती टिकली म्हणजे राक्षसीण होती. तसं नव्हतं. त्या चकतीनं त्या वर्षी कितीतरी नर्सा, ड्रायव्हर आणि डॉक्टर कामावर उभे ठेवले.

गिरीशला मात्र टिकली मानवली नाही. तिच्या डिंकानं त्याच्या कानामागे फोड यायचे. एकदा गाडी बंद पडून त्याला घरी यायला बराच उशीर झाला. तो आला तेव्हा अक्षता शांतपणे भाजी निवडत होती.

"एक फोन नाही केलास," तो म्हणाला.

"म्हटलं, अडकला असशील कुठं तरी."

"मागं पाच मिनिटं उशीर झाला तर चार फोन यायचे. वैताग यायचा मला." तो खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत राहिला. "आता वाटतं, एखादा यायला हवा होता."

ती हसली. त्याचं वाईट वाटून घेणं तिला कळलं, पण लागलं नाही.

साथ वाढली तशी सरकारनं टिकल्या गावोगाव वाटायला घेतल्या. आधी मिरज, मग कवठेमहांकाळ, जत. लोकांच्या झोपा परत आल्या, औषधाच्या दुकानांतली झुंबड ओसरली, जीव देण्याचे प्रकार थांबत आले. आणि मग अक्षताच्या फोनना विचित्र उत्तरं यायला लागली.

कवठेमहांकाळचे म्हातारे बाबासाहेब खोत अत्यवस्थ होते. तिनं त्यांच्या मुलाला, दत्ताला, फोन लावला.

"जेवण झालं का?"

"झालं की. आत्ताच भाकरी खाल्ली."

"वडिलांची तब्येत जरा खालावलीय. घाबरण्यासारखं नाही, पण येऊन जावा एकदा."

"बरं झालं सांगितलासा," दत्ता प्रसन्न आवाजात म्हणाला. "गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. परवा मिळंल. परवा येतो मग."

बाबासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काचेच्या खोलीत कुणीच नव्हतं. दत्ता परवाच आला, ठरल्याप्रमाणे, आणि येताना वडिलांसाठी डाळिंबं घेऊन आला. बाहेर नोंदणीच्या टेबलावर त्याला खरं कळलं तेव्हाही तो शांतच राहिला. फक्त त्या डाळिंबांचं काय करायचं, असं त्यानं तीन-चारदा विचारलं.

असे आणखी काही प्रकार झाले, तेव्हा डॉक्टर मुजावरांनी अक्षताला बोलावून घेतलं.

"आपण अर्धं बोलतो, आणि उरलेलं अर्धं ऐकणारा स्वतःच्या पोटातून घेतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता, येऊन जावा. शब्दांत काही नाही. पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, मेंदू म्हणतो, काहीतरी गडबड आहे, आणि मग शब्दांचा अर्थ लागतो. टिकलीवाल्याला गोळाच येत नाही. त्याला शब्द ऐकू येतात तेवढेच."

"मग सरळ सांगायचं?"

"सरळ. कोर्टात सांगतात तसं."

अक्षतानं स्वतः बसून नवी वाक्यं तयार केली. 'तुमचे वडील वाचण्याची शक्यता फार कमी आहे. भेटायचं असेल तर आज दुपारपर्यंत या.' ऐकायला ती दगडासारखी होती, पण लागू पडली. लोक वेळेवर यायला लागले. डॉक्टरांनी बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. बाकीच्या मुलींना ती शिकवायलाही लागली: आडवळणानं बोलू नका, टिकलीवाल्याला आडवळण कळत नाही.

स्वतःच्या कानामागे काय आहे, हे तिला अर्थातच माहीत होतं.

अक्षताचं माहेर तासगावचं. वडील, आप्पा कोरे, नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. कोणत्या गल्लीला कधी नळ येणार हे त्यांच्या हातात असे, आणि त्यापायी निम्म्या गावाशी त्यांचं भांडण आणि निम्म्याशी दोस्ती होती. आई गेल्यावर ते अक्षताच्या धाकट्या भावाकडे, श्रीशैलकडे, राहत होते. तासगावात टिकल्या अजून पोचल्या नव्हत्या.

बुधवारी दुपारी अक्षतानं डबा उघडला तेवढ्यात श्रीशैलचा फोन आला.

"अक्का, जेवलीस काय गं?"

"जेवतेय."

"जेव, जेव. मग करू काय फोन?"

"बोल रे. खाता खाता ऐकते."

"दाजी कुठायत? जवळ हायत काय?"

"दुकानात आहे तो. का?"

"न्हाई, उगं विचारलं." तो जरा थांबला. "आप्पांना जरा बरं न्हाई. ताप आल्ता. उतरलाय आता. घाबरण्यासारखं काय न्हाई."

"धाप लागते?"

"बोलताना लागते थोडी."

"ऑक्सिजन बघितलास?"

"ते बोटाचं यंत्र आणलंय शेजारनं. ब्याण्णव दाखवतंय. कधी नव्वद."

"कमी आहे जरा. पालथं झोपव त्यांना, पाणी देत राहा. तासातासानं बघ."

कानामागे मुंगी चालल्यासारखं झालं. एकदा, मग पुन्हा एकदा, मग बराच वेळ. तिनं नकळत बोटानं तिथं खाजवलं आणि बटाट्याची फोड पोळीत गुंडाळली.

"तुमच्याकडं गर्दी हाय काय गं अजून?" श्रीशैलनं विचारलं.

"आहे. पण मागच्या आठवड्यापेक्षा कमी. होईल हळूहळू ठीक."

"व्हय." परत थोडा वेळ गेला. "जमलं तर येऊन जा म्हणत हुतो. आप्पा म्हणाले, अक्काला सांगू नगं, उगं काळजी करंल. पण म्हटलं सांगावं."

"बरं केलंस. रविवारी सुट्टी आहे मला, रविवारी येते."

"रविवारी."

"हो. आणि काही लागलं तर फोन कर. घाबरू नकोस."

"न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा सैल झाल्यासारखा वाटला. "तू म्हणत्यास तर काय न्हाई."

तिनं डबा धुऊन ठेवला आणि पुढचा फोन लावायला घेतला. ताप उतरल्यावरची धाप म्हणजे काय, नव्वद म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. दिवसभर ती लोकांना तेच सांगायची. पण नुसत्या माहितीनं माणूस जागचा हलत नाही. उठवते ती भीती, आणि भीतीला कानामागेच अडवलेलं होतं.

गुरुवारी तिनं 'कसे आहेत?' असा मेसेज केला. 'तसंच हाय' असं उत्तर आलं. संध्याकाळी जेवताना तिला आठवलं म्हणून तिनं गिरीशला सांगितलं.

"आप्पांना ताप येऊन गेला. श्रीचा फोन होता काल."

गिरीशचा हात ताटातच थांबला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही."

"नेमकं सांग. पहिल्यापासून. काय काय बोलला?"

तिनं सांगितलं. तिची स्मरणशक्ती चांगली होती, शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. जेवलीस काय, दाजी कुठायत, गर्दी हाय काय, जमलं तर येऊन जा. सांगताना तिला स्वतःलाच आपण कुणाचं तरी बोलणं वाचून दाखवतोय असं वाटत होतं. गिरीश उभा राहिला होता.

"अगं, तो तुझ्याकडे बेड मागत होता!"

"तसं काही म्हणाला नाही."

"कसा म्हणेल? बहिणीच्या नोकरीवर वशिला लावायचा, आणि तेही आप्पांनी नको म्हटल्यावर? ऊठ. चप्पल घाल."

"हात तरी धू," ती म्हणाली. तो तसाच गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला होता.

ती गाडीत बसली. सांगली मागे पडली. गिरीश एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं श्रीशैलला फोन लावत होता आणि तो उचलत नव्हता. गिरीशच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता. तो का घाबरलाय, हे तिला गणितासारखं समजत होतं: ताप, धाप, नव्वद, दुसरा दिवस. उत्तर समोर होतं आणि त्या उत्तराचं तिला काहीच वाटत नव्हतं. आपले वडील मरत असतील आणि आपण खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तेव्हा तिनं कानामागे नख घातलं आणि टिकली ओरबाडून काढली.

कवलापूर येईपर्यंत काही झालं नाही. मग आधी हात गार पडले. मग पोटात असा काही पीळ पडला की तिनं गुडघे छातीशी घेतले. बुधवारची भीती, गुरुवारची भीती, आणि मधल्या सगळ्या महिन्यांत शेकडो घरांना फोन करताना न आलेली भीती, सगळी मिळून एकदम अंगावर आली. "जोरात चालव," ती म्हणाली. "गिरीश, जोरात चालव, आप्पा, अरे देवा, मी रविवारी येते म्हणाले त्याला." ती ओरडत होती. गिरीशनं गाडी पळवली.

आप्पा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. ओठ निळसर पडले होते. श्रीशैल त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणून त्यानं फोन उचलला नव्हता.

"कशाला आलीस गं?" आप्पा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "श्री म्हणला... काय न्हाई."

अक्षतानं डॉक्टर मुजावरांना फोन लावला. "मॅडम, माझे वडील, मॅडम, बेड." पलीकडून एकही प्रश्न न येता उत्तर आलं, "आणा. मी खाली थांबते." अॅम्ब्युलन्स यायला तासभर लागेल म्हणाले, म्हणून त्यांनी आप्पांना गिरीशच्या गाडीत घातलं. अक्षता मागे त्यांना छातीशी धरून बसली. त्यांच्या फासळ्या तिच्या हाताखाली भरभर वरखाली होत होत्या. श्रीशैल मोटारसायकलवर मागून आला.

बेड मिळाला. ऑक्सिजन लागला. पण दोन दिवस फुप्फुसं उपाशी राहिली होती.

शुक्रवारी दुपारी अक्षता काचेच्या खोलीत उभी राहिली. इथं तिनं किती जणांना बोलावलं होतं, पण ती स्वतः आत कधी आली नव्हती. आप्पांची नजर काचेकडे होती. मुखपट्टीआड आपली मुलगी आहे हे त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही. ती रडली. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि ती वाटू शकतेय याचं तिला कुठंतरी बरंही वाटत होतं. चारच्या सुमारास यंत्रावरची रेघ सपाट झाली.

श्रीशैल खाली पार्किंगमध्ये मोटारसायकलला टेकून उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "आप्पा गेले."

त्यानं मान हलवली. बराच वेळ तो नुसता मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत राहिला. त्यानं रडावं, ओरडावं, आपल्याला चार शिव्या द्याव्यात असं तिला वाटत होतं. त्यानं तसं काही केलं नाही.

"बुधवारी मी तुला फोन केला ना," तो म्हणाला, "तवा अॅम्ब्युलन्स दारात उभी हुती."

तिला आधी कळलंच नाही.

"मी बोलावल्ती. आप्पा जाईनात. म्हणाले, तिकडं नेलं की माणूस परत येत न्हाई. ड्रायव्हर घाई करायला लागला. म्हटलं, थांबा, अक्काला विचारतो, ती त्यातलीच हाय. ती घाबरली तर न्यायचं, न्हाईतर ऱ्हावू दे." तो आरसा पुसतच होता. "तू इतकी शांत बोललीस गं. रविवारी येते म्हणालीस. फोन ठेवला आणि आप्पांना सांगितलं, अक्का घाबरली न्हाई. आप्पा हसले. म्हणाले, बघ, मी काय म्हणत हुतो? आणि मी गाडी परत पाठवली."

"श्री, मला टिकली होती रे," ती म्हणाली. "मला काही कळलंच नाही. टिकली होती."

श्रीशैलनं पहिल्यांदा तिच्याकडे वर बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर ते पुढं तिला सोपं गेलं असतं.

"ते फोनवर दिसत न्हाई की गं," तो म्हणाला.

आप्पांचे दिवस होईपर्यंत अक्षता घरी होती. मग कामावर आली, टिकली न लावता. पहिलाच फोन तिनं ढालगावच्या एका म्हातारीला केला, तिच्या मुलाबद्दल. सांगता सांगता अक्षताला इतका हुंदका आला की बोलणंच थांबलं, आणि पलीकडून ती म्हातारीच म्हणायला लागली, "रडू नगं बाई, धीर धर, मी येते." दुसरा फोन ती लावूच शकली नाही. तिसऱ्या घरी वेळेत खबर गेली नाही.

"हे चालणार नाही," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. त्यांनी नवी टिकली टेबलावर ठेवली. "तुम्हाला शिक्षा करून घ्यायची असेल तर घरी करून घ्या. इथं तुम्ही कोसळलात तर लोकांची माणसं एकटी जातात."

ते खरं होतं आणि अक्षताला ते मान्य करावं लागलं. तिनं टिकली उचलली.

"लावते. पण प्रत्येक फोनच्या सुरुवातीला मी सांगणार, की मी टिकली लावून बोलतेय. सगळ्या मुलींनी सांगायचं. इथल्या डॉक्टरांनी पण."

"लोक घाबरतील."

"घाबरू देत, मॅडम."

डॉक्टर मुजावरांनी स्वतःच्या कानामागे हात नेला, तिथली चकती चाचपली आणि तो हात तसाच खाली आणला. "बरं," त्या म्हणाल्या.

ती प्रथा अशी सुरू झाली. आधी त्या एका कक्षात, मग जिल्ह्यात, मग दूर दूर. घरोघरीही लोक तसं बोलायला लागले. नवरा-बायको, भाऊ-बहीण महत्त्वाचं काही बोलायचं झालं की आधी सांगायचे, टिकली आहे किंवा नाही. श्रीशैलला फोन करताना अक्षता टिकली काढते. ते दोघं फार बोलत नाहीत. पण ती घाबरलेली असते ते त्याला ऐकू जातं.

टिकली परत लावल्यावर तिनं केलेला पहिला फोन जतजवळच्या एका माणसाला होता. बायको आत होती, तरुण होती.

"नमस्कार, मिरजेच्या रुग्णालयातून अक्षता आवटी बोलतेय. मी टिकली लावलेली आहे, तेव्हा माझ्या आवाजावर जाऊ नका. तुमच्या पत्नीची प्रकृती फार बिघडलीय. ती वाचण्याची शक्यता कमी आहे."

"असं काय?" तो माणूस शांतपणे म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "मीबी लावलीया टिकली. मग आता वो कसं करायचं?"

"काढा," अक्षता म्हणाली. "मी थांबते."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. पलीकडे एक कोंबडी ओरडत होती, कुणीतरी भांडी घासत होतं. अक्षता रिसीव्हर कानाला धरून बसून राहिली. त्या माणसानं फोन परत उचलला. तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, संथ, एका लयीत. बराच वेळ तो तसाच चालू राहिला. मग तो अडखळला, मोठा झाला, तुटत तुटत यायला लागला.

"निघालो," तो म्हणाला.